बिडीबाईसाहेब, आमच्या घरातून निघण्याची कृपा करावी

प्रति,
श्रीमती बिडीबाईसाहेब,
मुक्काम : माझ्या बाबांच्या सदऱ्याचा वरचा खिसा,
बाजारहत्नूर, जि. आदिलाबाद, तेलंगणा.

यांस सादर साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

आपण क्षेमकुशल असालच. आपल्याला काय व्हायचंय? जे व्हायचं ते आपल्याला ओठांत धरणाऱ्याला होतं.

पत्र लिहिण्यास कारण की, आपले आमच्या घरावर उपकार फार झाले आणि त्यांची पोच आजवर कोणी दिली नाही. मी रक्ततपासणीच्या खोलीत काम करते. दंडाला पट्टा बांधायचा, सुई घालायची, नळ्या यंत्रात फिरवायच्या, आकडे काढायचे, हा माझा रोजचा उद्योग. आपण पानठेल्यावरून निघता आणि माणसाच्या रक्तात कुठवर पोचता, हे मला तिथे दिसतं. तेव्हा पोच मीच द्यावी म्हटलं.

पहिले आभार सोबतीचे. तेलंगणात सगळ्यांत कडक थंडी पडते ती आमच्या आदिलाबादकडे. पौषातल्या पहाटे शेतावर जागलीला गेलेल्या बाबांना ऊब कोणी दिली? आपण. कापसाला भाव मिळाला नाही, त्या रात्री ओसरीवर त्यांच्याशी कोण बोलत बसलं? आपण. भाव मिळाला, त्या रात्रीही आपणच. घरखर्चात तेल, साखर, माझ्या भावाची फी यांवर वाद होतात. ‘बिडीकाडी’ मात्र चर्चेशिवाय मंजूर होते. एवढा मान या घरात मायलाही कधी मिळाला नाही.

दुसरे आभार रोजगाराचे. एप्रिल-मे महिन्यांत शेत मोकळं असतं. आमच्या भागातल्या बाया उजाडायच्या आत जंगलात जातात, टेंभुर्णीची पानं खुडतात, घरी येऊन पन्नास-पन्नास पानांची पुडकी बांधतात आणि फडावर मोजून देतात. तो पैसा खरा आहे, मी नाकारणार नाही. शाळा उघडताना वह्या त्यातूनच येतात. पुढे निर्मल-निजामाबादकडे मांडीवर सूप घेऊन बसलेल्या बायका अशाच पानांत तंबाखू भरतात, दोरा गुंडाळतात, आणि आपला जन्म होतो. तिकडे सोलापुरात हेच काम करणाऱ्या कितीतरी बायका तेलंगणातून गेलेल्या पद्मशाली घरांतल्या, तेलुगू बोलणाऱ्या. त्या महाराष्ट्रात बसून वळतात, आणि इकडे तेलंगणात राहिलेली आम्ही मराठी माणसं ओढतो. १९५६ साली भाषेवरून सीमा पडल्या, जवळचं किनवट तिकडे गेलं, आम्ही इकडे राहिलो. आपल्याला मात्र कोणतीच सीमा आडवी आली नाही. या रोजगारात वळणारी बाई एकही बिडी न ओढता निकोटिन अंगात घेते. तिच्या लघवीत त्याचा अवशेष सापडतो. तेलंगणा सरकारनं बिडी कामगारांना महिन्याला २०१६ रुपये पेन्शन लावलं आहे. आपल्यामुळेच की ते.

आता ज्यासाठी लेखणी हातात घेतली तिकडे येते. बाबांच्या रक्ततपासणीचा कागद.

बाबा अंगानं काटकुळे. चरबी तपासायची ती जाड्या माणसाची, असं त्यांचं ठाम मत, आणि या मताला आपला पूर्ण पाठिंबा. ‘बिडीनं भूक मरते, अंग हलकं राहतं’ हे त्यांना आपणच शिकवलंत. शेवटी एका सकाळी उपाशीपोटी मी त्यांना खुर्चीवर बसवलंच. नळी फिरवून बाहेर काढली. उपाशी माणसाचं सीरम पिवळसर आणि आरपार दिसणारं असतं. नळीमागे छापील कागद धरला तर अक्षरं वाचता येतात. बाबांच्या नळीमागची अक्षरं धुरकट दिसत होती. रक्तातली चरबी इतकी वाढलेली की नुसत्या डोळ्यांना कळावी.

कागदावर आकडे आले, दर डेसिलिटरला मिलिग्रॅममध्ये. एकूण कोलेस्टेरॉल १८८. बाबांनी चष्मा लावून तेवढीच ओळ वाचली आणि म्हणाले, “दोनशेच्या आत आहे ना? मग झालं तर.” आणि ओसरीवर जाऊन काडी पेटवली.

बाईसाहेब, इथे मी आपल्यापुढे हात जोडते. काय ती सफाई! एकूण आकडा जसाच्या तसा ठेवायचा आणि आतल्या आत सगळी हलवाहलव करायची. त्या १८८ च्या पोटात एचडीएल होतं ३०. हा भाग धमन्यांच्या भिंतीतलं जादा कोलेस्टेरॉल उचलून यकृताकडे परत नेतो. पुरुषाला तो निदान ४० तरी हवा. रक्तातली दुसरी चरबी ट्रायग्लिसराइड, ती ३१०, हवी १५० च्या आत. एलडीएल म्हणजे धमन्यांत कोलेस्टेरॉल साचवणारा भाग; तो काढायचा हिशेब फ्रीडवाल्ड, लेव्ही आणि फ्रेडरिक्सन या तिघांनी १९७२ साली घालून दिला, अजूनही पुष्कळ ठिकाणी तोच चालतो : एकूण आकड्यातून एचडीएल वजा करा, ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करा. १८८ मधून ३० गेले, ६२ गेले, उरले ९६. म्हणजे एलडीएलही शंभराच्या आत. एचडीएल जितकं घटेल तितका एकूण आकडा खाली येतो आणि कागद आणखी गोड दिसतो. नुकसान करून वर शाबासकीचा कागद हातात द्यायचा, हे आपल्याखेरीज कोणाला जमलं असतं?

आपली आणि आपल्या सिगारेटताईंची कीर्ती आमच्या बाजारहत्नूरपुरती नाही. १९८९ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ५४ अभ्यासांचा एकत्र हिशेब छापून आला. न ओढणाऱ्यांपेक्षा सिगारेट ओढणाऱ्यांचं एकूण कोलेस्टेरॉल अवघं ३ टक्के जास्त, एलडीएल १.७ टक्के जास्त. एवढ्यावरून कोणी घाबरणार नाही. पण ट्रायग्लिसराइड ९.१ टक्के जास्त आणि एचडीएल ५.७ टक्के कमी. आणि जितक्या जास्त ओढाव्यात तितकी ही दरी रुंद. म्हणजे जिथे लोक बघतात तिथे आपण बोट लावत नाही, आणि जिथे बघत नाहीत तिथे हात घालता.

हे करता कसं, तेही सांगून टाकते. हे पत्र आणखी कोणी वाचत असेल तर त्याला कळावं. निकोटिन गेलं की अंगात ॲड्रेनलिन उसळतं. त्यानं साठवणीतली चरबी सुटी होऊन रक्तात येते, यकृत ती गोळा करतं आणि ट्रायग्लिसराइडच्या रूपानं पुन्हा रक्तात सोडतं. दुसरीकडे, एचडीएलला पूर्ण घडवणारं एक विकर असतं, त्याचं काम आपला धूर मंदावतो. आणि जे एलडीएल आकड्यानं बरं दिसत होतं, ते धुरातल्या द्रव्यांनी बिघडतं आणि धमनीच्या भिंतीत जाऊन बसतं. हे बिघडणं माझ्या यंत्राला दिसत नाही. ते ९६ च दाखवतं.

आपल्यात तंबाखू सिगारेटीपेक्षा कितीतरी कमी, हे आपलं आवडतं प्रमाणपत्र. ‘बिडीत काय असतं, पानच तर आहे,’ असं आमच्याकडे शपथेवर सांगतात. पण टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट जात नाही. ओढत राहिलं नाही तर आपण विझता. म्हणून झुरक्यावर झुरका, तोही छातीच्या तळापर्यंत. ५२ देशांत झालेल्या इंटरहार्ट अभ्यासानं आपला वेगळा हिशेब मांडला, तो २००६ साली लॅन्सेटमध्ये आला : निव्वळ बिडी ओढणाऱ्याला हृदयाच्या झटक्याचा धोका कधीच न ओढणाऱ्याच्या २.८९ पट. सिगारेटीच्या तोडीस तोड. तंबाखू नुसती चघळणाऱ्याला २.२३ पट, आणि जो चघळतोही आणि ओढतोही त्याला ४.०९ पट. आमच्या बांधावर दुपारी बसलेल्या माणसांत या शेवटच्या रांगेतले किती निघतील, हे आपण माझ्यापेक्षा जास्त जाणता.

सगळं श्रेय आपल्या एकट्यांना देऊन इतरांवर अन्याय करणार नाही. भाताचा ढीग, साखरेचा चहा, आईबापांकडून आलेला पिंड, यांचाही वाटा आहे. आयसीएमआरच्या इंडियाब अभ्यासाचे आकडे २०१४ साली आले. त्यात महाराष्ट्रही होता. तपासलेल्या प्रौढांपैकी ७२.३ टक्क्यांचं एचडीएल कमी निघालं. बाबांच्या कागदासारखाच तोही प्रकार : एकूण कोलेस्टेरॉल थोड्यांचंच चढलेलं, एचडीएल बहुतेकांचं उतरलेलं. ज्यांच्या पदरी मुळातच थोडं, त्यांच्याच पदराला आपण हात घालता.

आता बायांचं. इथे आभार मानताना माझा आवाज चढला तर समजून घ्या.

लहानपणी मुलगा आणि मुलगी यांच्या रक्तातल्या चरबीत फारसा फरक नसतो. वयात येताना मुलाचं एचडीएल खाली उतरतं, मुलीचं टिकून राहतं. पुढे बाईकडे पुरुषापेक्षा साधारण १० मिलिग्रॅम जास्त राहतं. इस्ट्रोजेन यकृताकडून एलडीएलही उचलून घेतं, म्हणून तेही आटोक्यात असतं. आम्हा बायांना जन्मतः मिळालेलं हे स्त्रीधन. ना बापानं घडवलं, ना सासरच्यांनी मोजलं. याच्याही आधारावर हृदयविकाराचा पहिला झटका बाईला पुरुषापेक्षा नऊ-दहा वर्षं उशिरा गाठतो. पाळी गेली की हे धन हळूहळू उतरणीला लागतं आणि एलडीएल चढू लागतं.

आणि आपण काय केलंत? जी बाई ओढते तिची पाळी वर्ष-दोन वर्षं आधीच संपवता. तिच्याकडे एचडीएल जास्त, म्हणून तिच्याकडूनच जास्त नेता. ओढल्यानं होणारी घट बायांत पुरुषांपेक्षा मोठी असल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. चोवीस लाख लोकांच्या माहितीवरून २०११ साली लॅन्सेटमध्ये छापून आलं की धूम्रपानानं बाईचा हृदयविकाराचा धोका जितका वाढतो, तो पुरुषाच्या वाढीपेक्षाही २५ टक्क्यांनी अधिक. बायांच्या हातांनी खुडलेली, बायांच्या मांडीवर वळलेली आपण. उपकाराची फेड करायला बरोबर बायाच निवडल्यात.

माझी मोठी माय आपली जुनी भक्त. घरचे जेवले, भांडी झाली की ती मागच्या दारी न्हाणीच्या आडोशाला बसायची आणि पदराच्या गाठीतून आपल्याला काढायची. बाबा ओसरीवर चारचौघांत ओढत, ती अंधारात. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू सर्वेक्षणात ओढणारे पुरुष १९ टक्के निघाले आणि बाया २ टक्के. मोठ्या मायच्या दारात कोणी ते कागद घेऊन आलं असतं तर तिनं ‘हो’ म्हटलं असतं का? मला नाही वाटत. दवाखान्यातही तिला कोणी विचारलं नाही. बाबांना प्रत्येक डॉक्टर आधी ओठांकडे बघून “बिडी किती?” म्हणतो. लुगड्यातल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या म्हातारीला हा प्रश्न कोण विचारणार?

मग एक दिवस कापूस वेचताना तिची पाठ आणि जबडा दुखायला लागला, घाम फुटला. छातीत कळ नव्हती. ‘गॅस झाला असेल’ असं घरातले म्हणाले, जिथे नेलं तिथलेही म्हणाले आणि गोळी दिली. दुसऱ्या दिवशी ईसीजी निघाला, तेव्हा झटका येऊन गेलेला होता. आदिलाबादला नेलं, वाचली. पण हृदयाचा जो भाग मेला तो मेला. पूर्वी वेचणीत सगळ्यांत पुढची ओळ तिची असायची. आता ती न्हाणीपासून ओसरीपर्यंत येते आणि खांबाला धरून बसते. तिचं एचडीएल ३६ होतं. तिला आपल्याविषयी एका जरी माणसानं विचारलं असतं, तर त्या दिवशी गॅसची गोळी हातात पडली नसती, असं मला आजही वाटतं. आपण अंधारात राहिलात म्हणून ती अंधारात राहिली. याबद्दल आपले आभार कोणत्या शब्दांत मानू?

मायनं तर आपल्याला कधी हातही लावला नाही. तिचा गुन्हा एवढाच की ती बाबांशेजारी बसते. हिवाळ्यात दारं लावलेल्या खोलीत आपण बाबांच्या छातीतून निघून तिच्या छातीत जाता. तोच इंटरहार्ट अभ्यास सांगतो की आठवड्यात २१ तासांहून जास्त दुसऱ्याचा धूर घेणाऱ्याचा धोका १.६२ पट. मायचं एचडीएल ४३ आलं. ज्या कागदावर ते छापून आलं त्यावर एकच मर्यादा लिहिलेली होती : ४० च्या वर. मग तिच्या आकड्यापुढे ना बाण, ना ठळक ठसा. बाईची मर्यादा ५० आहे. तिचं सात मिलिग्रॅमचं उणेपण कागदाला दिसलंच नाही. “झालं का? जाऊ का मग?” असं म्हणून ती पिशवी उचलून निघालीसुद्धा. पुरुषाच्या मापानं बाईला मोजणारा कागद आणि आपण, तुमची जोडी छान जमते.

बरं, तुम्ही नेलेलं परत आणायला गोळी असती तर मी इतकी कटकट केली नसती. एलडीएल उतरवायला स्टॅटिन आहे, चांगलं काम करतं. एचडीएल चढवायला मोठमोठ्या कंपन्यांनी जिवाचा आटापिटा केला. टॉर्सेट्रॅपिब नावाच्या औषधानं आकडा भरपूर चढला, पण घेणारे जास्त मरू लागले म्हणून २००६ च्या डिसेंबरात ते गुंडाळलं. नायासिननंही आकडा चढला, झटके काही थांबले नाहीत. त्याचा अभ्यास २०११ साली मध्येच थांबवला. नुसता आकडा चढवून भागत नाही. तो उतरवणारं कारणच जावं लागतं. आणि ते कारण तुम्ही आहात.

पण सरकारदरबारी तुमचं वजन वाढतंच आहे, अभिनंदन. २०२५ च्या सप्टेंबरात जीएसटी परिषदेनं सिगारेटताईंना ४० टक्क्यांच्या रांगेत बसवायचं ठरवलं, आणि तुमचा कर २८ वरून १८ वर आणायचं. गरिबाची म्हणून सवलत. गरिबाच्या धमन्याही स्वस्त असाव्यात, असंच ठरलं असणार.

म्हणून आता स्पष्ट बोलते. खूप झाली सोबत. तुम्ही निघा.

तुम्ही गेल्यावर काय होतं तेही मोजलेलं आहे. सोडू इच्छिणाऱ्या १५०४ सिगारेट ओढणाऱ्यांचा एक अमेरिकी अभ्यास २०११ साली आला. ज्यांनी खरंच सोडली त्यांचं एचडीएल वर्षभरात सरासरी २.४ मिलिग्रॅमनं चढलं, आणि तेही वजन वाढलेलं असताना. बायांचं जास्त चढलं. आमचं स्त्रीधन आमच्याकडे परत यायला तयार आहे, वाटेत फक्त तू बसली आहेस. इंटरहार्टमध्ये ओढणाऱ्यांचा धोका सुमारे तिप्पट होता. सोडून तीन वर्षांच्या आत तो १.८७ पटीवर आलेला दिसला. माझ्या बाबांना ही तीन वर्षं हवी आहेत. मला हवी आहेत.

बाबांनी तुला अजून सोडलेलं नाही, हे मी लपवणार नाही. पण बंडलाच्या कागदावर, त्या भयंकर चित्राखाली छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर परवा त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवायला लावला. फुकट आहे का, असंही विचारलं. फुकट आहे म्हटलं. मोठ्या मायच्या पदराची गाठ मी स्वतः सोडून बघते, आणि ती बघू देते. मागच्या दारी आता तिच्याजवळ मी बसते.

आणि माझ्या खोलीतलं सांगते. बाईचा कागद बाहेर पडला की एचडीएलच्या ओळीपुढे मी पेनानं ‘स्त्री : ५०’ असं लिहिते. वय आणि लिंग यांच्या खाली हातानं एक रकाना आखते : बिडी, तंबाखू, घरात कोण ओढतं. सुई घालायच्या आधी प्रत्येकीला विचारते, डोक्यावर पदर असला तरी, सोबत नवरा-सासू असली तरी. पहिल्यांदा सगळ्या ‘नाही’च म्हणतात. सोबतच्यांना बाहेर बसवून मी पुन्हा विचारते. तुझं नाव मग हळूच निघतं, आणि मी ते लिहून घेते.

कळावे,
तुझ्या एका जुन्या गिऱ्हाइकाची लेक